माझ्या शब्दावर अकरा गाड्या

आज सकाळी गाडी बोलली नाही. लिनलिनला मागच्या तिच्या खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, पट्ट्याचा टक् असा आवाज झाला आणि मी हात तसाच पट्ट्यावर ठेवून थांबले, कारण त्या टक् नंतर मनातल्या मनात तीन मोजेपर्यंत गाडी म्हणते, 'सुप्रभात, लिनलिन,' आणि मग बाहेर ऊन आहे की पाऊस ते सांगते. मी तीन मोजले. पाच मोजले. तळघरातल्या पार्किंगमध्ये भिंतीवरचा पंखा घरघरत होता आणि कुठल्यातरी नळीतून ठिबकत होतं. लिनलिनने हलवत असलेले पाय थांबवले. समोरच्या पडद्यावर जिथे एरवी शहराचा नकाशा पसरलेला असतो तिथे एक करडं वर्तुळ फिरत होतं. ते फिरून फिरून दमल्यासारखं थांबलं आणि खाली अक्षरं आली, जोडणी नाही. मी गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. तिसऱ्यांदा केली. "झोपलीय का ती?" लिनलिनने विचारलं. चार वर्षांच्या मुलीला सर्व्हर म्हणजे काय ते कसं सांगायचं, आणि कंपनी तो बंद का पडू देते हे तर मला स्वतःलाही सांगायचं नव्हतं. म्हणून मी घसा खाकरला आणि नाकातून, गाडीत बोलणाऱ्या त्या बाईसारखा गोड, सपाट आवाज काढला, "सुप्रभात, लिनलिन. आज छान ऊन आहे." लिनलिनने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "तिचा आवाज पुढून येतो," ती म्हणाली. "तुझा वरून येतो."

तेवढ्यात सासूबाई लिफ्टमधून बाहेर आल्या. एका हातात थर्मास आणि वाफवलेल्या पावांची पिशवी, दुसऱ्या हातात ती छोटी खुरपी. वसंत लागला की त्या खुरपीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. कुठे रानभाजी दिसेल सांगता येत नाही. लिनलिनशेजारी बसून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, जरा वाट पाहिली आणि म्हणाल्या, "आज हिचं तोंड बंद?" "अपडेट चाललंय, आई," मी म्हणाले. किती सहज म्हणाले. ओठांच्या आत आधीच ठेवल्यासारखं. "हं," सासूबाई म्हणाल्या. मी आरशात पाहिलं. त्या खाली वाकून लिनलिनच्या बुटाचा बंद बांधत होत्या, त्यांचं तोंड दिसलं नाही, नुसता पांढरा भांग दिसला, आणि गाडी पार्किंगचा चढ चढून उन्हात आली तरी मला तो 'हं' पुरला नाही, उरला.

गाडी चालत होती हे सांगायला हवं. चाकं फिरत होती, ब्रेक लागत होते, बॅटरी बहात्तर टक्के. मी स्वतःला तेच सांगत होते. माणूस बोलायचा बंद झाला म्हणून मेला असं होत नाही. पण हफेई शहरात पाच वर्षं ही गाडी चालवताना मला गाडीच्या आवाजाची नाही, आवाज असण्याची सवय झाली होती हे आज कळलं. सिग्नलला थांबले की ती सांगायची अजून किती सेकंद. उड्डाणपुलावर वारा असला की सांगायची, जपून. लग्नाला सात वर्षं झालेल्या माझ्या नवऱ्याने, शाओ बोने, मला एकदाही 'जपून' म्हटल्याचं आठवत नाही. तो वुहू शहरातल्या एका कारखान्यात असतो, आठवड्यातून एकदा येतो, आणि मी लांबलचक निरोप लिहिला की उत्तरात अंगठा पाठवतो. आज सकाळीही पार्किंगमधूनच मी त्याला लिहिलं होतं, गाडी बोलत नाही. अंगठा आला. अंगठ्याचा अर्थ 'कळलं' असतो, की 'बरं झालं', की 'आता मी काय करू'? उड्डाणपुलाखाली मोहरीची शेतं पिवळीधमक होती, पुढच्या आठवड्यात कबरी झाडायचा सण आला, सगळं शहर फुलं आणि मेलेल्यांसाठी जाळायचे कागद विकत घेत होतं, आणि मी समोरून येणाऱ्या गाड्यांमध्ये आमच्या गाड्या मोजत होते. ही माझी खोड. युआनदंग, म्हणजे आमच्या कंपनीची गाडी लांबूनच ओळखू येते, पुढच्या दिव्यांवर पापणीसारखी एक रेघ असते, आणि दोन युआनदंग समोरासमोर आल्या की दिवे उघडझाप करून एकमेकींना ओळख देतात. कुणी ठरवलं नाही, पडलेली रीत आहे. चार गाड्या दिसल्या. तिघांनी दिवा दाखवला नाही. चौथ्याने दाखवला तेव्हा माझाच हात उशिरा पोचला, तो निघून गेला होता, मी रिकाम्या रस्त्याला डोळा मारला.

मी ही गाडी घेतली तेव्हा लिनलिन पोटात होती, पाचवा महिना. मी एक वही केली होती. कॉलेजात असताना प्रयोगशाळेत जशी करायचो तशीच, डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. एक्केचाळीस प्रश्न होते. आतल्या प्लास्टिकचा वास बाळाला बाधतो का. बॅटरीला आग लागली तर दारं आपोआप उघडतात का. उघडली नाहीत तर. मी सात कंपन्यांच्या दुकानांतून हिंडले, आणि सातही ठिकाणी कोट घातलेली पोरं माझ्या पोटाकडे बघून अशी काही हसायची की मला वही मिटावीशी वाटे. युआनदंगच्या दुकानात कोट नव्हता. तिथे नारिंगी टीशर्ट घातलेली एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. "मी इथे कामाला नाही हं," ती आधीच म्हणाली होती. "मी गाडीची मालकीण. शनिवारी येते, उभी राहते, कुणी विचारलं तर सांगते. मला यातून एक छदाम मिळत नाही." तिने माझे एक्केचाळीस प्रश्न उभ्याने ऐकले, आणि जिथे तिला माहीत नव्हतं तिथे 'माहीत नाही' म्हणाली. त्या दोन 'माहीत नाही'वर मी गाडी घेतली. म्हणजे गाडीवर नाही, त्या बाईवर. पुढे मीच दर शनिवारी तसा टीशर्ट घातला, लिनलिनला कडेवर घेऊन त्याच फरशीवर उभी राहिले, आणि मलाही माहीत नसलेल्या जागी 'माहीत नाही' म्हणायला मी शिकले. ते फार उपयोगी पडतं. माणसं लगेच विश्वास ठेवतात. अकरा घरांनी माझ्या शब्दावर गाडी घेतली. कंपनीने त्याबद्दल पैसे नाही, गुण दिले, आणि गुणांतून लिनलिनची ही खुर्ची आली, एक छत्री आली, आणि सासूबाईंच्या मांडीवरचा हा थर्मास आला. ती कडेवर मूल असलेली बाई गेल्या उन्हाळ्यात गाडीमालकांच्या आमच्या फोनवरच्या गटातून न बोलता निघून गेली. तिने गाडी विकल्याचं नंतर कुणीतरी लिहिलं. मी ते वाचलं होतं. बोट पडद्यावर जरा थांबलं होतं, आणि मग मी खाली सरकले.

"आई, इथे थांब ना," मागच्या खुर्चीतून लिनलिन म्हणाली. कारखान्याची भिंत लागली होती. रोजच्या सवयीने तिला वाटलं की आजी इथे उतरून भाजी खुडणार. ही भिंत जिथे आहे तिथे सासूबाईंचं गाव होतं. भिंतीच्या आत जिथे गाड्यांना रंग देतात तिथे त्यांचा मुळ्याचा वाफा होता, असं त्या सांगतात, आणि जिथे फाटक आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं पर्सिमन फळाचं झाड. गाव उठलं, कारखाना आला, जमिनीची भरपाई मिळाली. ती भरपाई घेऊन सासूबाई चार वर्षं गप्प बसल्या होत्या, बँकेत ठेवून. मग कंपनी हाँगकाँगच्या बाजारात उतरली, आम्हा गाडीवाल्यांना आधी शेअर देऊ केले, आणि मी त्यांना या गाडीत बसवून सरोवरापर्यंत नेलं. हिवाळा होता. पाठीमागची बैठक हळूहळू गरम झाली. "ही जमीनच आहे आई," मी म्हटलं होतं. "नुसती जागा बदलली. तुमचं पुन्हा तुमच्याकडे." कुठून सुचलं होतं मला ते वाक्य? त्या खिडकीतून बघत होत्या, पाठ उबेला टेकलेली. "घे मग," त्या म्हणाल्या होत्या, "तू शिकलेली आहेस." त्यानंतर त्या युआनदंगला 'आपली कंपनी' म्हणायला लागल्या. दुकानासमोर कुणी स्कूटर आडवी लावली की खाली उतरून झापायच्या, "ए, ही माझी जागा आहे!" मी गाडी तपासली होती, एक्केचाळीस प्रश्न विचारले होते. कंपनीला एकही विचारला नाही. गाडी चांगली म्हणजे गाडी करणारे चांगले, आणि ते चांगले म्हणजे त्यांचा हिशेबही चांगला, असं मी कसं धरून चालले? खुर्चीच्या पट्ट्याचा टक् ऐकून मी जमीन दिली.

आणि मग मागच्या वर्षीचा तो सण. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. गाव उठलं तेव्हा त्यांची कबरही टेकडीवरच्या नव्या स्मशानात हलवली. मेलेल्यांना पोचावं म्हणून सणाला जाळतात त्या कागदी सामानाच्या दुकानातून सासूबाईंनी त्यांच्यासाठी कागदाची गाडी आणली, दारं उघडणारी, आणि घरी टेबलाशी बसून तिच्यावर लाल पेनने स्वतः युआनदंगची खूण काढली. जीभ बाहेर काढून, लिनलिन काढते तशी. जाळायच्या वेळी एकदम थांबल्या. "अगं, पण तिकडे चार्ज कुठे करणार ते?" शाओ बो हसला. त्या नाही हसल्या. टेकडी उतरून पुन्हा दुकानात गेल्या, तर दुकानदाराकडे कागदाचा चार्जिंगचा खांबही होता, वायरसकट. तो आणून दोन्ही मिळून जाळलं आणि कबरीशी उकिडव्या बसून त्यांनी नवऱ्याला मोठ्याने सांगितलं, "ऐका, तुमचा मुळ्याचा वाफा आता बाजारात आहे. भाव वर आहे. सुनेने केलंय, काळजी करू नका." धूर माझ्या डोळ्यांत गेला होता. आज पुन्हा जाणवतोय. गुरुवारपासून बाजारात युआनदंगच्या शेअरची खरेदी-विक्री थांबवली आहे, त्याआधीच भाव पाचव्या हिश्शावर आला होता, आणि गेले दोन दिवस मी सासूबाईंच्या समोर बसून भात खाते आहे आणि सांगत नाही. कसं सांगायचं हेच फक्त ठरवते आहे, असं मी स्वतःला म्हणते. दोन दिवसांत अकरा वेळा ठरवलं.

आमच्या दुकानाला दुकान म्हणायचं नाही, 'घर' म्हणायचं, ही कंपनीची शिकवण. मॉलच्या तळमजल्यावरचं ते घर आज लांबूनच रिकामं दिसलं. आत गेले तर रिकामं नव्हतं. सात-आठ जण होते, सगळे माझ्यासारखेच नारिंगी टीशर्टात. कॉफीचं मशीन झाकून ठेवलेलं, त्यावर 'गरम पाणी मिळेल' अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी. कुंड्यांमधल्या झाडांना कुणी पाणी घातलं नव्हतं. कामाला असलेल्या सहाजणींपैकी एकच उरली होती आणि ती फोनमध्ये बघत दुसरीकडे नोकरीचे अर्ज करत होती, लपवतही नव्हती. "या, लिनलिनची आई!" छिनदादा पुढे आले. ते आमच्या गटाचे म्होरके. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बोलताना अजूनही हवेत खडू धरतात. "मालक आठ, गिऱ्हाईक शून्य," कुणीतरी मागून म्हणालं, "आता एकमेकांनाच विकूया." हसलो आम्ही. छिनदादाही हसले, मग हवेतला खडू वर केला. "तुमच्याही गाडीचा आवाज गेला ना? माझाही गेला. आपण आपल्यात बोलतोय, बाहेर नाही. ऐका. दक्षिणेतलं एक मोठं उद्योगघराणं कंपनी घ्यायला तयार आहे. पण त्यांना या महिन्याच्या गाड्यांच्या मागण्यांचा आकडा बघायचाय. आज शनिवार, महिन्याचा शेवटचा. प्रत्येकाने एक गिऱ्हाईक. फक्त एक. एकेक मागणी नोंदवली तर कंपनी तरते, आपल्या गाड्या तरतात, आपले शेअर तरतात. आणि कुणी तोंड उघडून 'आवाज गेला' म्हणालं तर सगळंच बुडतं. साधं गणित आहे." गणित साधंच होतं. मला त्यात चूक सापडत नव्हती म्हणून जास्त अस्वस्थ वाटत होतं. सासूबाई कोपऱ्यातल्या बाकावर बसून थर्मासच्या झाकणात चहा ओतत होत्या. ऐकत होत्या की नाही कळलं नाही. लिनलिन मांडून ठेवलेल्या नव्या गाडीत चढून बसली होती. त्या गाडीला दुकानाचीच वायर होती, ती बोलत होती. "नमस्कार, पाहुणे," गाडी म्हणाली. "मी लिनलिन," लिनलिन म्हणाली. "नमस्कार, पाहुणे." "लिनलिन!" ती ओरडली. "नमस्कार, पाहुणे," गाडी तितक्याच गोड आवाजात म्हणाली, आणि काचेतून माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं.

तेव्हाच ती आत आली. सातवा महिना असावा. एकटी, पाठीला पिशवी, चेहऱ्यावर बसच्या प्रवासाचा घाम. तिने सगळ्या नारिंगी टीशर्टांवरून नजर फिरवली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्हीच ना? लिनलिनची आई?" तिचं नाव वेन होतं. लूच्यांगहून आली होती, दोन बसा बदलून. मी कधीतरी खुर्चीचा पट्टा कसा लावायचा त्याची एक चित्रफीत टाकली होती, ती तिने पाहिली होती, किती वेळा पाहिली होती कोण जाणे, कारण त्यात मी काय बोलले ते तिला पाठ होतं. "तुम्ही शनिवारी असता असं लिहिलं होतंत, म्हणून आज आले. नवरा म्हणाला, कुठलीही घे, सगळ्या सारख्याच. म्हटलं, नाही, त्या ताईंना विचारीन." तिने फोन काढला, त्यात प्रश्नांची यादी होती. "पहिलं विचारते, हसू नका हं. आतल्या प्लास्टिकचा वास बाळाला बाधतो का?" मागून छिनदादांचा खाकरल्याचा आवाज आला. मी हसले नाही. मी उत्तर दिलं. वासाबद्दल मला खरोखरच माहीत होतं. दारांबद्दल माहीत होतं. तिसऱ्या प्रश्नाला मी म्हटलं, "हे माहीत नाही," आणि तिचे खांदे सैल पडलेले मला दिसले. असाच माझाही खांदा सैल पडला असेल, तेव्हा, त्या बाईसमोर. माझा आवाज चालला होता, एकसारखा, गोड, नाकातून. आणि मधेच मला तो ऐकू आला. वरून नाही, पुढून येत होता. मी तोच आवाज लावून बोलत होते जो सकाळी पार्किंगमध्ये काढला होता. पाच वर्षं असाच होता की काय? कंपनीचे सर्व्हर आज बंद पडले. मी चालूच होते.

"आणि शेवटचं," वेन म्हणाली. तिने फोन खाली केला. "तुमचे यात शेअरही आहेत ना? घरच्यांचे? चित्रफितीखाली तुम्ही लिहिलं होतंत. म्हणजे स्वतःचं सगळं ठेवलंय तुम्ही यात. ते वाचूनच माझा विश्वास बसला." तिने पोटावर हात ठेवला. हात सहज ठेवला होता, मला दाखवायला नाही. तिच्या पिशवीच्या बंदाला मुलाच्या पायमोज्यांची जोडी टाचलेली होती, अजून लेबलसकट. माझ्या डोक्यात छिनदादांचा आकडा होता, मुळ्याचा वाफा होता, धूर होता, आणि त्यातून एकदम स्वच्छ असं एकच दिसलं, की ही हो म्हणाली तर बारा होतील, आणि पुढच्या वर्षी ही इथे टीशर्ट घालून उभी राहील, किंवा राहणार नाही, गटातून न बोलता निघून जाईल, आणि मी ते वाचीन आणि खाली सरकेन. "वेन," मी म्हणाले. आवाज घोगरा आला, माझाच. "आज घेऊ नकोस." ती हसली, गंमत वाटली तिला. "म्हणजे, लाल रंगाची नको?" "कुठलीच नको. गाडी चांगली आहे. मी खोटं सांगितलं नाही. पण कंपनी राहील की नाही ते मला माहीत नाही, आणि हे 'माहीत नाही' खरं आहे. आज सकाळपासून आमच्या गाड्या मुक्या झाल्यात. आम्ही ते कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय." घरात एवढं शांत झालं की नवी गाडी आपणहून म्हणाली, "नमस्कार, पाहुणे."

वेन किती वेळ उभी होती? मला वाटतं तिने आभार मानले. मला वाटतं आधी ती रागावली, दोन बसा बदलून आलेल्या माणसासारखी, मग तिने सासूबाईंनी पुढे केलेला चहा घेतला, उभ्यानेच प्यायली आणि गेली. मला नीट आठवत नाही, कारण छिनदादा बोलत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वर्गातल्यासारखं हळू बोलले. "तुम्ही काय केलंत कळलं का? आम्हा सगळ्यांचं आहे त्यात. माझ्या मुलाच्या लग्नाचं आहे. आणि तुमच्या सासूबाईंची जमीन. त्यांच्या तोंडावर तुम्ही त्यांची जमीन बुडवलीत, लिनलिनची आई. त्यांना तरी विचारायचं होतंत." सगळे नारिंगी टीशर्ट बाकाकडे वळले. दोन दिवस जे सांगायचं ठरवत होते ते असं, परक्या माणसाच्या तोंडून. सासूबाईंनी थर्मासचं झाकण पुसलं, बसवलं, फिरवून घट्ट केलं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "तिला कशाला बोलता. जमीन माझी बुडायची ती बुडाली. मला दहा दिवस झाले कळून."

"भिंतीपाशी भाजी खुडते ना मी रोज," त्या मला म्हणाल्या, छिनदादांना नाही. "कारखान्याच्या भटारखान्याची वाफ बंद झाली. दुपारी साडेअकराला निघायची, घड्याळ लावावं अशी. एक दिवस नाही निघाली, म्हटलं सुट्टी असेल. मग तो टोफूवाला म्हातारा, नी आडनावाचा, त्याचा टोफू फाटकातूनच परत आला, पाच पाट्या. जिथे जेवायला घालत नाहीत तिथे गाड्या कसल्या करतायत?" मी रोज दहा तक्ते बघत होते फोनवर, आलेख, लाल-हिरवे बाण, हाँगकाँगच्या बातम्या. वाफेचं मला कुणी सांगितलं नव्हतं. "आई, मग मला का नाही सांगितलंत?" त्यांनी खुरपी पिशवीत घातली. "तू मला सांगशील म्हणून थांबले होते," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. तो असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

आम्ही बाहेर आलो. टीशर्ट मी तिथेच बाकावर काढून ठेवला, आतला जुना स्वेटर कोपरावर विरलेला होता आणि मॉलमधून चालताना मला तो सगळ्यांना दिसतोय असं वाटत राहिलं. लिनलिनला खुर्चीत बसवलं. टक्. यावेळी मी मोजलं नाही, पण माझं मन आपलं आपण मोजत होतं, एक, दोन, तीन. "बसलीय ना नीट? हात आत घे," मागून सासूबाई त्यांच्या गावच्या जाड, खरखरीत आवाजात म्हणाल्या, आणि लिनलिनने हात आत घेतला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. गाडी निघायला तयार होती, मी नव्हते. "पुढच्या आठवड्यात..." मी म्हणाले, आणि पुढे काय म्हणणार होते ते विसरले. टेकडी, धूर, उकिडव्या बसलेल्या सासूबाई. भाव वर आहे, सुनेने केलंय. "त्यांचं माझ्याकडे राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना मी सांगीन. मेलेलं माणूस उलट बोलत नाही. तुझे ते अकरा आहेत ना, ते तुझे. ते जिवंत आहेत, ते बोलतील. ते ऐकून घे."

अकरा नावं माझ्या फोनमध्ये एका वेगळ्या कप्प्यात होती; त्या कप्प्याला मी पूर्वी एक दिव्याचं चित्र लावलं होतं. पहिलं नाव माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं, फेई यानचं. तिने जुळ्यांसाठी घेतली होती, माझ्याच रंगाची. वाईट बातमी अशी शनिवारी सकाळी सांगावी का, आधी निरोप लिहावा का, निरोपात नेमकं काय लिहावं, शाओ बोला आधी विचारावं का. तो अंगठा पाठवेल. माझं बोट पडद्यावर थांबलं. मला ते थांबणं ओळखीचं वाटलं. मागे लिनलिन आजीला विचारत होती की गाडी उद्या बोलेल का, आणि आजी म्हणत होती, उद्याचं उद्या. मी खाली सरकले नाही. घंटी वाजली, दोनदा, तीनदा, आणि पलीकडून जुळ्यांचा गोंधळ आणि त्यातून फेई यानचा आवाज आला, "काय गं, एवढ्या सकाळी? घरात उभी नाहीस आज?" मी घसा खाकरायला गेले, आणि मग नाही खाकरला, जसा होता तसाच राहू दिला.

"फेई यान," मी म्हणाले, "आज तुझी गाडी बोलली का?"